दुसरा कंट्रोलर

आबा,

आई गाडी चालवायला शिकली आहे. खरी नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. सुट्टीच्या दिवशी दुपारची जेवणं झाली, ओटा पुसून झाला की ती पदर खोचून खुर्चीवर बसते, दोन्ही हातांत कंट्रोलर धरते आणि मला हाक मारते, "ये वं, बस." मग आम्ही दोघी शर्यत लावतो. बहुतेक वेळा ती जिंकते. हे तुम्हाला सांगायचं म्हणून मी लिहायला बसले आहे, आणि आधीच सांगून ठेवते, परवानगी मागायला बसलेले नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला नीट आठवत नाही. पण एखादी गोष्ट पसंत नसली की तुम्ही जो बारीक खाकरायचात, तो लख्ख आठवतो. आत्ताही ऐकू आला. येऊ दे.

तुम्हाला आमचं सध्याचं काहीच माहीत नाही, म्हणून थोडं मागून सांगते. मी जळगावला असते, एका डाळ मिलच्या ऑफिसात कामाला जाते. तुमचे जावई नोकरीपायी आठवडाभर नंदुरबारला असतात. मुलगी शिकली आणि पुण्याला नोकरीला लागली. आई तुमच्यामागे दादाकडेच होती, धुळ्याला, तुमच्याच देवपूरच्या घरात. माझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभरासाठी म्हणून माझ्याकडे आली आणि राहिली. दादा फोनवर "परत कधी येतेस" विचारतो, ती "येसू, येसू" म्हणते आणि भाजीचा भाव विचारायला लागते. हो, ती आता अहिराणीतच बोलते. घरात शुद्ध मराठीच बोलायचं हा तुमचा नियम तिने तुम्ही होतात तोवर पाळला. तुमच्या तेराव्याला पाहुण्यांना जेवायला वाढताना तिच्या तोंडून "आते बठ्ठा बशी जा" निघालं, आणि त्यानंतर ती पुन्हा कधी "आता सगळे बसा" म्हणाल्याचं मला आठवत नाही.

मुलीचं एक गेमचं मशीन होतं, टीव्हीला जोडायचं. त्याच्याबरोबर दोन कंट्रोलर होते, बिनवायरचे. दोन्ही हातांच्या ओंजळीत बसेल असं ते यंत्र. अंगठ्याखाली दोन दांडे, कडेला बटणं. जळगावचं ऊन आणि धूळ तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या मशीनचा पंखा जाम झाला, जळका वास आला आणि ते कायमचं बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. कंट्रोलर मात्र धडधाकट होते. शोकेसमध्ये देवीच्या मूर्तीशेजारी पडून राहिले. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ते टाकू नकोस. आपल्या कॉम्प्युटरला जोडता येतात. पण तू नको हात लावू, तुला नाही जमणार. मी दिवाळीला आले की जोडते."

तुला नाही जमणार. आबा, हे वाक्य मी तीन पिढ्यांकडून ऐकलं आहे. तुमच्याकडून, नवऱ्याकडून आणि आता पोटच्या पोरीकडून. फोन स्पीकरवर होता. आई पलंगावर मेथी निवडत होती. तिने जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "दिवाळीले कितला येळ शे आजून. तूच जोड ना." मी विचारलं, "तुला काय करायचंय त्याचं?" तर म्हणाली, "माले खेळनं शे."

मला वाटलं थट्टा करतेय.

तर त्या रविवारी मी कॉम्प्युटरसमोर बसले. रेडिओ उघडून बसायचात तेव्हा तुम्ही म्हणायचात, आधी पुरवठा बघ, मग जोडणी बघ, आणि मगच यंत्राला नावं ठेव. हे मला म्हणत नव्हतात, स्वतःशीच म्हणायचात. मी नुसती बॅटरीचा उजेड धरून उभी असायचे. उजेड जरा हलला की तुम्ही खेकसायचात. सोल्डरिंग आयर्न तुम्ही माझ्या हातात कधी दिलं नाहीत, दादाला देऊ करायचात आणि तो पळून जायचा. पण उजेड धरणाऱ्याला सगळं दिसतं, आबा. म्हणून मी आधी पुरवठा पाहिला. दोन्ही कंट्रोलर महिनोन्‌महिने पडून ठार झोपले होते. त्यांना चार्जिंगला लावलं. मग वाटलं, वायर आहेच तर वायरनेच कॉम्प्युटरला जोडून बघावं. कॉम्प्युटरने ओळखच दिली नाही. बऱ्याच खटपटीनंतर कळलं, ती वायर जुन्या मोबाइलची, नुसती चार्जिंगपुरती. वीज नेते, निरोप नेत नाही. आणि आमचा कॉम्प्युटर इतका जुना की बिनवायरचा निरोप ऐकायला त्याला कानच नाहीत. त्यासाठी डोंगल लागतो, नखाएवढा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी का, मॅडम?" मी म्हटलं, "आईसाठी." तो हसला. मी हसले नाही.

डोंगल मागच्या बाजूला लावला. कंट्रोलरची दोन ठरावीक बटणं एकदम दाबून धरायची, दिवा भराभर लुकलुकायला लागला की सोडायची, मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याचं नाव येतं, त्यावर टिचकी मारायची. नाव आलं. टिचकी मारली. दिवा स्थिर झाला. आई टाळी वाजवणार तेवढ्यात विझला. पुन्हा केलं, पुन्हा विझला. "परत गया?" आई विचारी. परत गया. कॉम्प्युटरचा लोखंडी डबा भिंतीला टेकलेला, डोंगल त्याच्या पाठीमागे भिंतीच्या बोळात. तिथून निरोप पोचेना. डोंगल काढून पुढच्या बाजूला लावला आणि दिवा जो स्थिर झाला तो विझला नाही. तुमच्या हिशेबाने ही जोडणी. एवढ्यात वीज गेली. कूलर थांबला, घरात भट्टी पेटली, आणि आम्ही दोघी वर्तमानपत्राने वारा घेत बसलो. हे सगळं मी तपशिलाने सांगतेय, कारण या घरात तपशील तुम्हालाच आवडायचे.

वीज आल्यावर मी दुसरा कंट्रोलर हातात घेतला, आणि तिथे माझा हात थांबला.

दादा नववीत गेला तेव्हा तुम्ही सुरतेहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. मी सहावीत. तुम्ही बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून खोकं उघडता आहात, आम्ही भोवती. आत थर्माकोलमध्ये दोन कंट्रोलर शेजारी शेजारी, प्रत्येकाला लांब काळी वायर. मला वाटतं, एक दादाचा आणि एक माझा. खोक्यात दोन आहेत आणि घरात मुलं दोन आहेत, यात काय शंका घ्यायची? तुम्ही एक जोडता आणि दुसरा प्लास्टिकच्या पिशवीसकट उचलून कोपऱ्यातल्या पेटीत ठेवता. मी विचारते, "आबा, तो?" तुम्ही म्हणता, "एक पुरे. एकच खेळणार आहे." मी म्हणते, "मी पण." तुम्ही रागावत नाही. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. शाळेत समजावता तसं समजावता, "त्याची बुद्धी चालावी म्हणून आणलंय ते. तुझं खेळायचं वय आता सरलं. आईला हाताशी मदत कर." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं पाहत असते, हाताला पीठ. तिच्याकडे न बघताच तुम्ही म्हणता, "तू काय बघत उभी? पोळी करपली बघ." पोळी करपलेली नसते. ती आत जाते.

त्या गेममध्ये एक गाडीची शर्यत होती. दोन वर्षं दादा ती खेळला. माझं काम, गेमच्या डब्याचं तोंड धुळीने भरलं की त्यात फुंकर मारून देणं. त्या दुसऱ्या कंट्रोलरचं काय झालं मला माहीत नाही. तुम्ही वाईट होतात असं मी म्हणत नाही. दहावी झाल्यावर तुम्हीच मला टेस्टर आणून दिलात आणि फ्यूज बदलायला शिकवलंत. म्हणालात, अंधारात बसून नवऱ्याची वाट बघत बसू नकोस. त्याचं श्रेय तुमचं, मी नाकारत नाही. पण अंधार घालवायला माझा हात चालत होता आणि खेळायला चालत नव्हता, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. तेव्हा बोलता येत नव्हतं. आता येतं.

तर दुसरा जोडला आणि गाडीच्या शर्यतीचा एक फुकटचा खेळ कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. आणि गंमत अशी झाली की दोन्ही कंट्रोलरवर एकच गाडी चालायला लागली. आई डावीकडे ओढी, मी उजवीकडे, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध दारुड्यासारखी झुलायची. हसून हसून आईची पुरेवाट झाली. "एक गाडीले दोन हाकनारा! आते खड्डामाच जाई!" मला चेव चढला. दोन्ही नावं कॉम्प्युटरमधून पुसून टाकली. एक पहिल्यापासून जोडला, दिवा स्थिर होईपर्यंत थांबले, मग दुसरा. मग खेळातच एक पान असतं, दोन खेळाडूंचं, तिथे आधी आईला बटण दाबायला लावलं, मग मी दाबलं. पडदा मधोमध दुभंगला. वर आईचा रस्ता, खाली माझा. आईची लाल जीप, माझी निळी गाडी.

पहिल्या शर्यतीत आई उलट्या दिशेने निघाली. दुसरीत नदीत पडली. तिसरीत मात्र मी पाहतच राहिले. वळण यायच्या आधी ती वेग कमी करायची, वळणाच्या आतल्या अंगाने गाडी काढायची, आणि बाहेर पडताना सोडून द्यायची. मी विचारलं, "आई, हे तुला कोणी शिकवलं?" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, सोनगीरला, माहेरी, ती लग्नाआधी बैलगाडी हाकायची. किल्ल्याखालच्या उताराने कडब्याची गाडी एकटी आणायची, आणि वळणावर बैलांना आधी सावध केलं नाही तर जू मोडतं. मला हे माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का? मग थोड्या वेळाने, जसं काही विशेष नाही अशा सुरात म्हणाली, "आनि भाऊ खेळे ना, तवय मी दारमातीन देखू. बठ्ठा रस्ता माले पाठ व्हता." भाऊ म्हणजे दादा; तो खेळायचा तेव्हा ती दारातून बघायची, सगळा रस्ता तिला पाठ होता. दादा नेहमी ज्या पुलावरून खाली पडायचा, तो पूल यायच्या आधी तिचा जीव वरखाली व्हायचा, लाटणं हातात घट्ट धरून ती मनातल्या मनात ब्रेक दाबायची. दोन वर्षं, आबा. तुम्ही म्हणायचात ना, पोळी करपली? कधीमधी करपायची ती त्या पुलापायी.

हे गोड गोड नको व्हायला म्हणून लगेच सांगते, आई खेळात दुष्ट आहे. मला कडेने ढकलून कुंपणात घालते. जिंकली की "आते भांडा तू घास" म्हणते. मी ऑफिसला गेले की एकटी खेळते, शेजारच्या काकूंनी सत्संगाला बोलावलं तर "आज मना गुडघा दुखस" सांगते. मी हे सगळं होऊ देते. होऊ देते म्हणजे काय, मला त्याचा आनंद आहे.

भाद्रपदात दादा आईला न्यायला आला. तुमचं पित्तर जवळ आलं होतं. तो तुमच्यासारखाच शिक्षक आहे हे तुम्ही पाहून गेलात. आता तुमच्यासारखाच दिसायलाही लागला आहे. सोबत त्याच्या शाळेतले एक सर होते, तुमचे जुने विद्यार्थी. दार उघडंच होतं. दोघं आत आले तेव्हा आई खुर्चीवर पुढे वाकून बसली होती, पदर खोचलेला, चष्मा नाकावर घसरलेला.

"आई, हे काय?" दादा म्हणाला.

"थांब भाऊ, शेवटनी फेरी शे."

सर हसले, मग दादाचं तोंड पाहून खोकले. मी चहा टाकायला आत गेले तसा दादा मागोमाग आला. "काय चालवलंयस तू हे? आबांच्या विद्यार्थ्यासमोर मला खाली बघायला लावलंस. या वयात आईने असं बसायचं?"

"कसं बसायचं मग?"

"शब्दात पकडू नकोस." मग त्याने आवाज खाली आणला. "डॉक्टरांनी सांगितलंय का? बोटांच्या व्यायामासाठी वगैरे? सकाळी तिची बोटं आखडतात म्हणालीस ना मागे. तसं असेल तर तसं सांग. मी सरांना सांगतो, औषधोपचाराचा भाग आहे म्हणून. मग काही नाही."

आबा, सोपा दरवाजा होता. नुसती मान हलवायची होती. बोटं आखडतात हे खरं होतं, आणि खेळून ती सैल होतात असं मीच कुठेतरी मनात धरून ठेवलं होतं, लागलं तर वापरायला. बाईला खेळायचं असेल तर आधी आजारी पडावं लागतं, हे आपल्याकडे सगळ्यांना पटतं. मी मान हलवणारही होते. तेवढ्यात आई दारात आली, कंट्रोलर हातातच.

"डॉक्टरनी काहीच सांगं नही," ती म्हणाली. "मना बोटं चांगला शेतस. माले आवडस म्हनीसन खेळस."

"आई, अगं आबा असते तर?"

"ते व्हतात तवय मी नही खेळनू. आते खेळस."

एवढंच. ती रागात नव्हती. चहाला आलं टाक असं मला सांगून ती पुन्हा बाहेर जाऊन बसली, सरांशेजारीच. दादा म्हणाला, "तू तिला नादी लावलंयस. पित्तराला घेऊन ये, आणि मग ती धुळ्यालाच राहील. तिचं घर ते आहे." मी म्हटलं, "तिला विचार." तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात?" अगदी तुमच्यासारखं, आबा. बाहेरून आईचा आवाज आला, "पित्तरले येसू. मंग परत जळगावले येसू." दादाने चहा अर्धा सोडला आणि ते निघून गेले.

मला भीती वाटली होती. दादाची नाही, ते घर पुन्हा आईला गिळेल याची. त्या घरात ती शिरली की तिची पाठ आपोआप वाकते, हे मी पाहिलेलं आहे. पित्तरासाठी धुळ्याला जाताना बसमध्ये पारोळ्याच्या पुढे मी तिच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढायला हात घातला, तर दोन लुगड्यांच्या मधे काहीतरी कठीण लागलं. दोन्ही कंट्रोलर. "हे कशाला घेतलेस?" तिने खिडकीबाहेर पाहतच विचारलं, "भाऊना घरमा कॉम्प्युटर शे ना?"

तुमचं पित्तर व्यवस्थित झालं. वहिनी पहाटेपासून चुलीशी होती; वडे, खीर, भजी, कुरडया, तुमच्या आवडीची गवारीची भाजी, सगळं तिच्या एकटीच्या हाताचं. कावळ्याने घास लवकर घेतला, सगळे म्हणाले आबा तृप्त झाले. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, दादा काकांना स्टँडवर सोडायला गेला. वहिनी मोरीत भांड्यांच्या ढिगासमोर. बाहेरच्या खोलीत मी, आई आणि भिंतीवर तुमचा फोटो, काळ्या कोटातला, चंदनाच्या हाराचा. त्याच्या बरोबर खाली दादाच्या कॉम्प्युटरचं टेबल.

आई म्हणाली, "जोड."

मी पिशवीतून दोन्ही कंट्रोलर काढले.  दादाचा कॉम्प्युटर नवा आहे, त्याला डोंगल लागत नाही. दोन बटणं दाबून धरली, दिवा लुकलुकला, नाव आलं, स्थिर झाला. दुसराही तसाच. खेळ उतरवून घेतला. पडदा दुभंगला आणि तुमच्या हाराखाली लाल जीप आणि निळी गाडी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पहिली फेरी अर्धी झाली असेल, दादा आला. दारातच थबकला.

"निदान आज नको," तो म्हणाला. "निदान फोटोसमोर नको."

मी खेळ थांबवला आणि त्याच्याकडे वळले. म्हटलं, "फोटोसमोरच. तुझा गेम आबांनी कुठे जोडला होता? याच भिंतीला. तेव्हा कोणाला लाज वाटली नाही."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. मी मुलगा होतो."

"तेच म्हणतेय मी, दादा."

त्याने आईकडे पाहिलं, आई पडद्याकडे पाहत होती. जिना चढून तो गच्चीवर निघून गेला, चपलांचा आवाज करत. मला वाटलं आता आई म्हणेल, बंद कर. ती म्हणाली, "चाल, सुरू कर."

आणि मग मोरीतलं पाणी बंद झाल्याचा आवाज आला. वहिनी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती सगळ्यांच्या मागून जेवते, कधी मोठ्याने बोलत नाही. किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिने विचारलं, "ताई, ते धरायचं कसं?"

मी उठले. माझा कंट्रोलर तिच्या हातात दिला, तिचे अंगठे त्या दांड्यांवर ठेवले. तिची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. आईने खुर्ची सरकवून तिला जागा केली, "बस वं पोरी." वहिनीने निघाल्या निघाल्या गाडी कुंपणात घातली, मागे घेतली, पुन्हा त्याच कुंपणात घातली. आणि हसली. आबा, त्या घरात मी तिचं हसू पहिल्यांदा ऐकलं. चांगलं मोठं, खणखणीत, घोगरं हसू आहे तिचं. ते गच्चीपर्यंत गेलं असणारच. कारण थोड्या वेळाने दादा खाली आला, "चहा?" असं विचारून उभा राहिला. कोणी उठलं नाही. दोघी वळणावर होत्या, आणि मी मुद्दामच बसून राहिले. तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग स्वयंपाकघरात डबे उघडल्याचे आवाज आले, साखरेचा डबा सापडेना तो एकदाचा सापडला. चहा फार गोड झाला होता. आम्ही तिघींनी तो संपवला. दादा अजून माझ्याशी मोजकंच बोलतो. बोलेल, न बोलेल.

आई दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर जळगावला परत आली. माझा कंट्रोलर आम्ही वहिनीकडे ठेवला. मी माझ्यासाठी नवा घेतला, आणि तो जोडायला मला कोणाला फोन करावा लागला नाही. वहिनीचा मात्र येतो, दुपारी, हळू आवाजात: ताई, दिवा लुकलुकतोय पण थांबत नाही. मी तिला सांगते, आधी चार्जिंग बघ.

तुम्हाला हे आवडलं नसतं. न आवडो. तुमच्या घरात आता बायका खेळतात, औषध म्हणून नाही, पोरांना रमवायला नाही, नुसत्या खेळतात, आणि काही करपलं तर करपू देतात. हे पत्र कोणाला दाखवायचं नाही, दादाला तर नाहीच. लिहून झालं की पुसून टाकणार आहे. फक्त एक गोष्ट तुम्हालाच सांगता येईल. धुळ्याहून निघताना मी तुमच्या फोटोला नमस्कार न करताच बाहेर पडले, असं आईला वाटतं. दादालाही वाटतं, त्याने ते वहिनीला बोलूनही दाखवलं, आणि मी ते खोडून काढलेलं नाही. सगळे खाली रिक्षाशी उभे होते. मी पाण्याची बाटली राहिली असं सांगून वर आले. बाटली माझ्या पिशवीतच होती. चपला काढल्या, आत गेले आणि नमस्कार केला.